फुलपाखरांचा वेडा आणि प्लेगची पिसू

इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात ॲश्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तिथल्या पबला एका फुलपाखराचे नाव दिलेले आहे, ‘चेकर्ड स्किपर’. हे फुलपाखरू जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. गडद तपकिरी पंखांवर पिवळसर ठिपक्यांची चौकट. एका जागी स्थिर बसणे त्याला ठाऊकच नाही. आत्ता इथे, तर क्षणात तिथे. स्किपर कुळातली सगळीच फुलपाखरे अशी, म्हणून मराठीत या कुळाला ‘चपळ’ म्हणतात.

या गावाजवळ ज्याने घर बांधले, त्या चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांचे नाव वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात मात्र फुलपाखरामुळे आलेले नाही. ते आले एका पिसवेमुळे. १८९६ नंतर मुंबई, पुणे आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानात ज्या प्लेगने घरेच्या घरे रिकामी केली, त्या प्लेगची मुख्य वाहक असलेल्या पिसवेचे पहिले शास्त्रीय वर्णन या माणसाने केले आणि तिला नावही त्यानेच दिले. शिक्षणाने तो डॉक्टर नव्हता, व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञही नव्हता. दिवसभर तो बँकेत बसत असे.

रॉथ्सचाइल्ड हे घराणे युरोपातल्या सावकारीचे दुसरे नाव. चार्ल्स यांचा जन्म ९ मे १८७७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील नेथन हे ब्रिटनच्या उमराव सभेत बसलेले पहिले ज्यू सदस्य. थोरला भाऊ वॉल्टर हा प्राण्यांच्या संग्रहापायी वेडा झालेला माणूस. त्याने ट्रिंग येथे स्वतःचे प्राणिसंग्रहालय उभे केले, १८९२ मध्ये ते लोकांसाठी खुले केले आणि पुढे त्यात वीस लाखांहून अधिक फुलपाखरे आणि पतंग जमवले. झेब्रे जुंपलेल्या गाडीतून लंडनमध्ये फिरणारा म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. बँकेत त्याचे मन कधी रमले नाही. अशा घरात धाकट्याच्या वाट्याला काय येते ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. थोरल्याने पेढी सांभाळली नाही की ती धाकट्याच्या गळ्यात पडते.

चार्ल्स यांना लहानपणापासून फुलपाखरांचा नाद. हॅरो या नामांकित शाळेत त्यांना सहाध्यायांनी फार छळले. त्या कोंडीतून सुटायची एक वाट त्यांच्याजवळ होती, शाळेच्या परिसरातल्या शेतांत आणि झुडपांत हातजाळी घेऊन हिंडण्याची. विद्यार्थिदशेतच एका मित्राबरोबर त्यांनी हॅरो परिसरातल्या फुलपाखरांची आणि पतंगांची पुस्तिका तयार केली. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण झाले. मनात आयुष्यभर कीटकशास्त्र करायचे होते. पण घरचा निर्णय ठरलेला होता. ते बँकेत रुजू झाले आणि तिथले काम त्यांनी शेवटपर्यंत कसोशीने केले. कीटकांसाठी उरली ती संध्याकाळ, रविवार आणि सुट्टी.

आता स्किपरकडे थोडे परत येऊ, कारण पुढची सगळी गोष्ट एका प्रश्नावर उभी आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन जीवांत फरक कसा करायचा, आणि तो करून मिळते काय?

फुलपाखरांत ओळखायला सर्वांत अवघड म्हणून स्किपर बदनाम आहेत. जगात त्यांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. अंग जाडसर, डोके रुंद, पंख छोटे, रंग बहुधा तपकिरी. फुलपाखरांच्या मिशा टोकाला गुंडीसारख्या फुगीर असतात, स्किपरच्या मिशा टोकाला आकड्यासारख्या वाकलेल्या असतात. दिसायला ती निम्मी फुलपाखरे, निम्मे पतंग. म्हणून पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांचा गटच वेगळा मानला होता. अलीकडे जनुकांच्या अभ्यासातून ठरले की तीही खरीखुरी फुलपाखरेच. पण एक तपकिरी स्किपर दुसऱ्या तपकिरी स्किपरपासून वेगळा काढायचा, तर पंखांचे ठिपके पुरत नाहीत. नराच्या पोटाच्या टोकाशी असलेले जननेंद्रियांचे कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यांचे आकार प्रत्येक जातीत वेगळे असतात. हिंदुस्थानात लष्करी सेवा केलेले ब्रिगेडियर विल्यम हॅरी इव्हान्स यांनी याच पद्धतीने पुढे साऱ्या जगातल्या स्किपरची सूची तयार केली. त्यांचे भारतीय फुलपाखरे ओळखण्याचे पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले होते.

चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी हीच नजर एका अशा कीटकावर वळवली, ज्याकडे सभ्य माणूस फक्त नखाने चिरडण्यासाठी पाहतो. तो कीटक म्हणजे पिसू.

पिसवेला पंख नसतात. शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, त्यामुळे केसांच्या दाटीतून ती सहज सरकते. मागचे पाय उडीसाठी बनलेले. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. तिची अळी मात्र रक्त शोषत नाही, ती जमिनीवरच्या धुळीत आणि बिळातल्या कचऱ्यात वाढते. शतकभरापूर्वी बहुतेकांच्या लेखी पिसू म्हणजे पिसू, तीत आणखी काय पाहायचे? आज आपल्याला सुमारे अडीच हजार जाती माहीत आहेत. त्यांतल्या सुमारे पाचशे जातींचे पहिले वर्णन चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांच्या नावावर आहे. बँकेतून परतल्यावर रात्री दिव्याखाली बसून केलेले हे काम आहे.

कामाची रीत चिकाटीची होती. जगभरातले शिकारी, खलाशी, मिशनरी, डॉक्टर यांच्याकडून पिसवा मागवायच्या. कुठल्या प्राण्याच्या अंगावरून, कुठल्या गावी, कुठल्या तारखेला काढली याची नोंद हवीच. मग ती क्षारात ठेवून पारदर्शक करायची, काचपट्टीवर बसवायची आणि एकेक केस, एकेक काटा मोजायचा. ट्रिंगच्या संग्रहालयातले कार्ल जॉर्डन हे जर्मन शास्त्रज्ञ या कामात त्यांचे सोबती. दोघांनी मिळून पिसवांच्या वर्गीकरणाची जी घडी बसवली, तीवर आजचे वर्गीकरण उभे आहे. हा संग्रह पुढे सुमारे २,६०,००० नमुन्यांपर्यंत वाढला. १९१३ मध्ये चार्ल्स यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

१९०१ मध्ये ते सुदानला गेले. नाईल नदीकाठच्या शेंदी या गावाजवळ तळ होता. तिथल्या उंदरांच्या अंगावर त्यांना एक पिसू सापडली. डोक्याच्या कडेला किंवा पाठीवर कंगव्यासारखे काटे नसलेली, फिकट तपकिरी, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. १९०३ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि इजिप्तचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या ग्रीक नावावरून तिला ‘कीऑपिस’ म्हटले. आज तिचे पूर्ण नाव झेनोप्सिला कीऑपिस. ज्या दिवशी हे नाव छापून आले, त्या दिवशी ती कीटकशास्त्राच्या यादीतली आणखी एक ओळ होती, इतकेच.

त्या सुमारास मुंबईत काय चालले होते?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतरची वर्षे महाराष्ट्राने कशी काढली हे घराघरांतल्या आठवणींत आहे. घरात उंदीर पडू लागले की लोक बिऱ्हाड उचलून गावाबाहेर माळावर झोपड्या घालत. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णांची सेवा करताना संसर्ग झालेल्या सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये प्लेगच्या घरझडतीच्या जुलमाने संतापलेल्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हिंदुस्थानात काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मेली.

जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली होती. पण हा जंतू उंदरातून माणसात येतो कसा, हेच कळत नव्हते. म्हणून उपाय आंधळे होते. घरे धुवायची, सामान जाळायचे, माणसांना छावणीत हलवायचे, प्रवाशांच्या काखा-जांघा तपासायच्या. रोग हवेतून येतो, जमिनीतून येतो, धान्यातून येतो, अनवाणी पायातून शिरतो, अशी अनेक मते होती. आजाराची वाट माहीत नसते तेव्हा सरकारचा सगळा जोर आजारी माणसावरच निघतो. प्लेगच्या काळात नेमके तेच झाले.

पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत साधा प्रयोग केला. प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर आणि निरोगी उंदीर यांना एकमेकांना स्पर्श होणार नाही असे ठेवले. पिसवा मात्र उडी मारून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमोन यांनी निष्कर्ष काढला की दोषी पिसू आहे. त्यांना कोणी मानले नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही ही कल्पना बाजूला सारली.

यामागे केवळ हट्ट नव्हता, एक शास्त्रीय अडचणही होती. युरोपातल्या काही संशोधकांनी आपल्याकडच्या उंदरांच्या पिसवा स्वतःच्या हातावर सोडून पाहिल्या. त्या माणसाला चावायला तयार होईनात. उंदराची पिसू माणसाला चावतच नसेल, तर ती प्लेग आणणार कशी? मुद्दा बिनतोड वाटत होता. त्यात चूक एकच होती. युरोपच्या थंड हवेतल्या उंदरावरची पिसू आणि मुंबईच्या उंदरावरची पिसू या दोन वेगळ्या जाती होत्या. दोघींना सारखेच ‘उंदराची पिसू’ म्हटल्यामुळे एका जातीचा स्वभाव दुसरीच्या माथी मारला गेला होता.

हा गुंता सुटायला जाती वेगळ्या ओळखता येणे आवश्यक होते आणि ती ओळख नुकतीच तयार झाली होती. मुंबईत काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी इथल्या उंदरांच्या पिसवा गोळा करून पाहिल्या. त्या बहुतेक सगळ्या कीऑपिस होत्या. चाळीत उंदीर मेल्यानंतर तिथे राहणाऱ्या माणसांच्या अंगावरही याच पिसवा सापडू लागल्या. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, भुकेल्या पिसवा त्याला सोडतात आणि जवळचा माणूस गाठतात. लिस्टन यांनी आपले निष्कर्ष १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. प्लेगसारख्या रोगावरचा हा लेख पक्षी आणि फुलपाखरांच्या अभ्यासकांच्या मासिकात यावा, हे तेव्हा कोणाला विचित्र वाटले असेल. खरे तर त्याची जागा तीच होती.

पुढे प्लेग संशोधनासाठी नेमलेल्या नव्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, एकामागून एक प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजरे जमिनीवर, काही पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर, काहींना चिकट कागदाचा वेढा. पिसवा पोचल्या तिथले प्राणी मेले, पोचल्या नाहीत तिथले जगले. १९०६ पासून हे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले आणि वाद संपला. १९१४ मध्ये आर्थर बॅकॉट आणि चार्ल्स मार्टिन यांनी शेवटचा दुवा दाखवला. पिसवेच्या अन्ननलिकेत प्लेगच्या जंतूंची गुठळी साचते आणि वाट बंद होते. तिची भूक भागत नाही. ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी शोषलेले रक्त जंतूंसह परत जखमेत ओकते. यातले बॅकॉट हेही मूळचे कारकून आणि हौशी फुलपाखरू-संग्राहक होते. पुढे १९२२ मध्ये टायफसचे संशोधन करताना त्याच रोगाने ते कैरोत दगावले.

गोष्ट इथेच संपत नाही. एक कोडे उरले होते. मुंबई इलाखा आणि पंजाब प्लेगने पोळले, पण मद्रास शहर तुलनेने वाचले. असे का? उंदीर तिथेही होते, पिसवाही होत्या, गरिबी आणि दाटी तर होतीच. उत्तर पुन्हा चार्ल्स यांच्या काचपट्ट्यांतून आले. १९११ मध्ये त्यांनी कीऑपिससारखीच दिसणारी, पण जननेंद्रियांच्या आकारात वेगळी असलेली आणखी एक जात नोंदवली होती, झेनोप्सिला ॲस्टिया. तोवर हिंदुस्थानात दोघींची गणना एकत्र होत होती. कोलंबोचे डॉ. फेबियन हर्स्ट यांनी आणि नंतर हिंदुस्थानात मेजर क्रॅग यांनी पिसवा एकेक करून पुन्हा तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. मद्रासच्या उंदरांवर मुख्यतः ॲस्टिया होती, मुंबईच्या उंदरांवर कीऑपिस. ॲस्टिया प्लेग पसरवण्यात खूपच कच्ची. कोलंबोत प्लेग आला तो धान्याच्या गोदामांच्या भागात घुटमळला, कारण बाहेरून आलेली कीऑपिस तिथेच वस्तीला होती. म्हणजे मादीच्या पोटातल्या एका सूक्ष्म पिशवीच्या आकारावरून एका शहराचे भाग्य वाचता येत होते.

कुठली जात कुठे राहते याचा नकाशा हा साथीचा नकाशा असू शकतो, हे वैद्यकाला यातून कळले. आज हिवतापाच्या डासांबाबत, स्क्रब टायफसच्या चिगर किड्यांबाबत, माकडतापाच्या गोचिडांबाबत आपण हेच करतो. ॲनॉफिलिस डासाच्या काही जाती हिवताप पसरवतात, बाकीच्या नाही. हे न ओळखता फवारणी केली तर पैसा वाया जातो आणि रुग्ण येतच राहतात. सरकारी रुग्णालयात आमच्यासमोर तापाचा रुग्ण येतो, तेव्हा त्याच्यामागे असा एखादा कीटक उभा असतो. तो ओळखणारा माणूस बहुधा आमच्या नजरेआड राहतो. आपल्याकडे आरोग्य खात्यातल्या कीटकशास्त्रज्ञाची जागा रिकामी राहिली तर त्याची बातमी होत नाही. साथ आली की होते.

चार्ल्स यांचे दुसरे मोठे काम पुन्हा फुलपाखरांशी जोडलेले आहे. कीटक गोळा करताना त्यांच्या ध्यानात आले की जाती नाहीशा होतात त्या जाळीमुळे कमी आणि जागा नष्ट झाल्यामुळे जास्त. दलदली बुजवल्या जात होत्या, रानातल्या मोकळ्या वाटा बंद होत होत्या. त्या काळी निसर्गरक्षण म्हणजे एखाद्या दुर्मिळ पक्ष्याच्या शिकारीवर बंदी, एवढीच समजूत होती. जीव वाचवायचा तर त्याचे घर वाचवा, हा विचार चार्ल्स यांनी लावून धरला. १८९९ मध्ये त्यांनी केंब्रिजजवळच्या विकन फेन या दलदलीचा तुकडा विकत घेऊन नॅशनल ट्रस्टला दिला. १९१० मध्ये वुडवॉल्टन फेन घेतले. १९१२ मध्ये निसर्ग राखीव क्षेत्रांसाठी संस्था स्थापन केली आणि देशभरातून माहिती मागवून जपण्याजोग्या २८४ जागांची यादी सरकारला सादर केली. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारला तिच्याकडे पाहायला वेळ नव्हता. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि राखीव क्षेत्रांचा कायदा झाला १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने.

ॲश्टनचे रान त्यांना असेच फुलपाखरांमुळे सापडले. त्यांच्या घराण्यात एक गंमत सांगतात. हे रान विकत घ्यावे म्हणून चार्ल्स यांनी मालकाची चौकशी केली, तेव्हा कळले की ते त्यांच्याच वडिलांच्या मालकीचे आहे. तिथे त्यांनी घर बांधले. १९०७ मध्ये हंगेरीची नावाजलेली टेनिसपटू रोझिका हिच्याशी विवाह झाला. तीन मुली आणि एक मुलगा झाला. धाकट्या मुलीचे नाव पॅनोनिका. ते एका छोट्या पतंगाच्या शास्त्रीय नावावरून ठेवले होते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात चार्ल्स आजारी पडले. १९१५ मध्ये वडील गेले होते, पेढीचा भार वाढला होता. विश्रांतीसाठी त्यांना दीर्घकाळ स्वित्झर्लंडमध्ये राहावे लागले. त्यांचा आजार एन्सेफलायटिस लेथार्जिका, म्हणजे त्या वर्षांत जगभर पसरलेला झोपेचा मेंदूज्वर, असल्याचे नोंदवलेले आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन इकॉनोमो यांनी १९१७ मध्ये त्याचे वर्णन केले. काही रुग्ण झोपेतून उठतच नसत, काहींना झोप येईना. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांना पुढे कंपवातासारखे हातपाय आखडण्याचे विकार जडले, आणि मन तर फारच बदलले. खोल उदासी, चिडचिड, भास. १९२० चे दशक संपता संपता ही साथ आली तशी ओसरली. तिचे कारण आजही ठरलेले नाही.

१२ ऑक्टोबर १९२३ रोजी ॲश्टन येथे चार्ल्स यांनी आपले जीवन संपवले. ते ४६ वर्षांचे होते.

अशा मृत्यूबद्दल बोलताना लोक अजूनही आवाज खाली करतात. इतका पैसा, इतकी बुद्धी, चार गोजिरी मुले, मग असे का, असा प्रश्न येतो. डॉक्टर म्हणून याचे उत्तर सरळ द्यायला हवे. मेंदूला इजा झाली की मनही आजारी पडते. त्यात माणसाच्या धीराची परीक्षा नसते आणि घरच्यांचे काही उणे नसते. त्या काळी डॉक्टरांच्या हाती औषध नव्हते. आज आहे. मेंदूज्वर, पक्षाघात, डोक्याला मार अशा आजारांतून उठलेल्या माणसाची झोप उडाली, बोलणे तुटले, जगण्यात अर्थ नाही असे तो म्हणू लागला, तर ती दुखण्याचीच एक खूण समजावी आणि त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

थोरली मुलगी मिरियम तेव्हा पंधरा वर्षांची होती. वडील गेले आणि तिने कीटकांकडे पाहणेच सोडले. काही काळाने धाकटा भाऊ व्हिक्टर सुट्टीत शाळेचा बेडूक-विच्छेदनाचा अभ्यास घेऊन आला. त्याला मदत करता करता ती पुन्हा त्या वाटेवर आली आणि मग थांबली नाही. तिने वडिलांच्या पिसवांच्या संग्रहाची सचित्र सूची करायला घेतली. तिचे खंड १९५३ पासून पुढे कित्येक वर्षे प्रसिद्ध होत राहिले. सशावरच्या पिसवेची वीण सशिणीच्या गर्भारपणातल्या हार्मोन्सवर चालते, हा शोध तिच्या कामातून लागला. पिसवेच्या उडीमागचे रबरासारखे प्रथिन उलगडण्यातही तिचा वाटा आहे. तिच्या एका बहिणीला स्किझोफ्रेनिया होता. मिरियमने १९६२ मध्ये त्या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभारला. घरातले मनाचे दुखणे झाकून न ठेवता तिने त्याचा अभ्यास व्हावा असे पाहिले. २००५ मध्ये ॲश्टनमध्येच वयाच्या ९६ व्या वर्षी ती गेली.

प्लेग मात्र पृथ्वीवरून गेलेला नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप आला आणि पुढच्याच महिन्यात सुरतेतून लोकांचे लोंढे बाहेर पडले. तेव्हा गावोगावच्या उंदरांवरून पिसवा गोळा करून त्या कुठल्या जातीच्या आहेत हे पाहिले गेले. दर उंदरामागे सरासरी किती कीऑपिस सापडतात, हा आकडा आजही धोक्याचा मोजमाप मानतात. तो एकाच्या वर गेला की सावध व्हायचे. त्या पिसवेबद्दलच्या ज्ञानातून आलेला एक नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. घरात किंवा गोदामात एकाएकी उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हाताने उचलू नये आणि उरलेले मारण्याची घाई करू नये. आधी आरोग्य खात्याला कळवावे. पिसवा मारणारे औषध आधी फवारायचे, उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर. उलट केले तर बेघर झालेल्या पिसवा आपल्याकडेच येतात. अशा वेळी ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे वेळेत मिळाली तर रुग्ण बरा होतो. १८९७ च्या पुण्यात हे कोणाच्याही हाती नव्हते.

चेकर्ड स्किपरचे काय झाले? चार्ल्स यांना वाटत होती ती भीती खरी ठरली. रानातली लाकूडतोडीची जुनी रीत मोडली, मोकळ्या उन्हाच्या वाटा बुजल्या, त्यांच्या कडेचे गवत गेले. या फुलपाखराची अळी त्या गवतावरच जगते. १९७६ मध्ये ते इंग्लंडमधून नाहीसे झाले. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात ते टिकून होते, पण तिथली अळी वेगळ्या गवतावर वाढते. म्हणून परत आणायचे ठरले तेव्हा अभ्यासकांनी बेल्जियमची फुलपाखरे निवडली, कारण त्यांचे रान आणि गवत इंग्लंडशी जुळणारे होते. जात एकच, तरी ती कुठे आणि कशावर राहते हे पाहावे लागले. २०१८ मध्ये ती ॲश्टनपासून फार दूर नसलेल्या रॉकिंगहॅमच्या रानात सोडली गेली. आता तिथे त्यांची वीण होते आहे. मे महिन्याच्या उन्हात त्या वाटांवरून ती पुन्हा या गवतावरून त्या गवतावर उडताना दिसतात.